फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आणि त्यात दडलेला दगा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही पालकांच्या मनात असे येईल की, हा तर इंजिनिअर लोकांचा विषय, आमचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली आज दहावी-बारावीनंतर संगणकाच्या पदविकेकडे व पदवीकडे वळत आहेत. घरातील पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी इंजिनिअर होणार, म्हणून आईबापांनी पदरमोड करून लॅपटॉप घेऊन दिलेला असतो. त्याच लॅपटॉपवर वडिलांचे बँकेचे खाते उघडले जाते, धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, आणि त्याच लॅपटॉपवर मुलगा आपल्या प्रोजेक्टसाठी जगाच्या कोठल्या तरी कोपऱ्यातील अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम एका ओळीचा हुकूम देऊन उतरवून घेतो. तो कोणी लिहिला, त्यात काय काय भरले आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. परंतु केव्हा तरी बिघडते, आणि ते कसे बिघडते हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते समजून घेऊ. संगणकाचा प्रोग्रॅम माणूस आधी वाचता येईल अशा भाषेत लिहितो. ह्या मूळ मजकुराला सोर्स कोड म्हणतात. काही कंपन्या हा मजकूर तिजोरीत ठेवतात व केवळ तयार माल विकतात. दुसरीकडे असे हजारो लोक आहेत की जे आपला सोर्स कोड सर्वांसाठी उघडा ठेवतात. कोणीही तो वाचावा, वापरावा, सुधारावा. ह्यालाच ओपन सोर्स म्हणतात. हेलसिंकी येथे शिकत असलेल्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा पहिला मजकूर असाच उघडा केला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि तुमच्या हातातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. पायथन ही भाषाही 1991 सालीच लोकांसमोर आली, आणि तीही फुकट आहे.

गरीब घरच्या विद्यार्थ्याला ह्याचा केवढा फायदा आहे हे मुद्दाम सांगितले पाहिजे. एके काळी चांगली अवजारे त्याच्याकडेच असत, ज्याच्याकडे पैसे होते. आज महाड किंवा मालेगावच्या मुलीला जे अवजार मिळते, तेच अमेरिकेतील मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरलाही मिळते. ज्ञानाची एवढी मोठी दारे ह्यापूर्वी क्वचितच उघडली गेली असतील. म्हणून पुढे मी जे धोके सांगणार आहे, ते ऐकून कोणी ही दारे लावून घेऊ नयेत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आता धोका कोठून येतो ते पाहा. कोणताही प्रोग्रॅम आज पहिल्या अक्षरापासून कोणी लिहीत नाही. तारीख छापण्याचे काम एकाचे तयार असते, रंगीत अक्षरे दाखविण्याचे दुसऱ्याचे. ह्या तयार तुकड्यांना पॅकेज म्हणतात. जावास्क्रिप्ट भाषेच्या पॅकेजांचे मोठे कोठार एनपीएम नावाचे आहे, पायथनचे पायपीआय नावाचे. एक पॅकेज दुसऱ्यावर, दुसरे तिसऱ्यावर अवलंबून असते. तुम्ही एक मागता आणि त्याच्या पाठोपाठ शंभर घरात येतात. ही साखळी किती नाजूक आहे हे मार्च 2016 मध्ये दिसून आले. लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या अकरा ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने रागाच्या भरात कोठारातून काढून घेतले, आणि जगभर हजारो प्रोजेक्टांचे काम अडले. त्यात दगा काही नव्हता. परंतु अकरा ओळी काढल्याने एवढे होते, तर अकरा वाईट ओळी कोणी घातल्या तर काय होईल, हा प्रश्न त्या दिवशी पुष्कळांच्या ध्यानात आला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काही पॅकेजे नुसती उतरवून घेतली तरी बसविण्याच्या वेळीच त्यांतील हुकूम आपोआप चालतात. म्हणजे तुम्ही ते वापरण्यापूर्वीच त्याने आपले काम उरकलेले असते.

दगाबाज कोड आत शिरण्याचे मार्ग मुख्यतः तीन.

पहिला मार्ग नामसाधर्म्याचा. बाजारात नामांकित मालाच्या नावात एक अक्षर बदलून नकली माल विकतात, तसलाच हा प्रकार. 2017 साली एनपीएमवर 'क्रॉसएन्व्ह' नावाचे पॅकेज सापडले. खऱ्या पॅकेजच्या नावात मध्ये एक आडवी रेघ होती, नकलीत ती नव्हती. घाईघाईने टंकणाऱ्याला ते कळत नसे. नकली पॅकेज खऱ्यासारखेच काम करी, आणि जाता जाता त्या संगणकावर ठेवलेली गुप्त माहिती बाहेर पाठवून देई. ह्याच मार्गाला अलीकडे एक नवी वाट फुटली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विद्यार्थी कोड विचारतात, आणि ते यंत्र कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव ठामपणे सांगते. तेच नाव एखाद्या लबाडाने आधी नोंदवून ठेवले असेल, तर विद्यार्थी आपल्या हाताने दार उघडून देतो.

दुसरा मार्ग म्हणजे खऱ्या लेखकाची किल्ली चोरणे. ऑक्टोबर 2021 मध्ये 'यूए-पार्सर-जेएस' ह्या लोकप्रिय पॅकेजच्या लेखकाचे खाते चोरांच्या हाती गेले, आणि त्यांनी लोकांच्या संगणकावर परस्पर क्रिप्टोचलन खोदणारा व पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम घालून नव्या आवृत्त्या काढल्या. सप्टेंबर 2025 मध्ये एका अनुभवी लेखकास एनपीएमकडूनच आल्यासारखे दिसणारे पत्र ई-मेलने आले. खात्याची सुरक्षा ताजी करा, नाही तर खाते बंद होईल, असा त्यात धाक होता. त्या एका पत्रामुळे आठवड्याला सर्व मिळून दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरविली जाणारी अठरा पॅकेजे काही काळ दूषित झाली. सुदैवाने दोनेक तासांत बोभाटा झाला व दूषित आवृत्त्या काढण्यात आल्या. पालकांनी येथे एक ताडून पाहावे. 'तुमचे खाते आज रात्री बंद होणार' असा बँकेच्या नावाने तुम्हांस येणारा संदेश आणि त्या इंजिनिअरला आलेले पत्र, दोन्हींची जात एकच आहे. घाबरवणे आणि घाई करावयास लावणे, हीच त्या दोहोंमागची युक्ती.

तिसरा मार्ग सर्वांत थंड डोक्याचा. तो म्हणजे आधी विश्वास कमवायचा, मग घात करायचा. 2018 साली 'इव्हेंट-स्ट्रीम' ह्या पॅकेजच्या लेखकाला त्याचा सांभाळ करण्यात रस उरला नव्हता. एका अनोळखी व्यक्तीने मदतीचा हात पुढे केला, लेखकाने विश्वासाने चाव्या दिल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यात बिटकॉइनच्या एका विशिष्ट पाकिटावर डल्ला मारणारा कोड जाऊन बसला. परंतु ह्या मार्गाचा कळस झाला तो 2024 साली. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

'एक्सझेड' नावाचे एक साधे अवजार आहे. मोठी फाइल दाबून लहान करणे हे त्याचे काम. जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर ते असते. फिनलंडमधील एक गृहस्थ हे काम वर्षानुवर्षे आपल्या फावल्या वेळात, एक पैसाही न घेता करीत होते. 2021 साली 'जिया टॅन' ह्या नावाने कोणी तरी तेथे आले व लहानसहान दुरुस्त्या करू लागले. काम नीटनेटके, वागणे नम्र. 2022 मध्ये आणखी काही नावे उगवली, आणि त्यांनी मूळ लेखकामागे लकडा लावला. काम फार हळू चालले आहे, नवा माणूस नेमा, तुम्हांला रस उरलेला नाही, असे टोचून बोलणे सुरू झाले. त्या गृहस्थांनी सांगितले की, आपली प्रकृती बरी नसते आणि हे काम आपण बिनपगारी, आवडीने करतो. तरी टोचणी थांबली नाही. अखेर मदतीला तत्पर असलेल्या जिया टॅनकडे एकेक अधिकार गेला. टोचणारी नावे आणि मदत करणारे नाव ही एकाच कटाचा भाग असावीत, असे आता जाणकारांचे मत आहे.

दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम केल्यावर, फेब्रुवारी 2024 मध्ये 5.6.0 ही आवृत्ती निघाली आणि मार्चमध्ये 5.6.1. दगा कोठे लपविला होता पाहा. प्रोग्रॅम तपासण्यासाठी मुद्दाम बिघडवलेल्या नमुन्याच्या फाइली ठेवलेल्या असतात, त्या कोणी उघडून वाचत नाही. त्यांत कोड कोंबला होता. तो बाहेर काढणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या उघड्या दप्तरात नव्हती. बांधून दिलेल्या गठ्ठ्यात मात्र ती होती. एक्सझेडचा हा भाग काही लिनक्स प्रकारांत एसएसएच ह्या दुरून संगणकात शिरण्याच्या दाराशी आडमार्गाने जोडला जात असे. परिणामी ज्याच्यापाशी एक विशिष्ट गुप्त किल्ली असेल, त्याला त्या संगणकावर हवा तो हुकूम चालविता आला असता. हे जर सर्वत्र पसरले असते तर जगातील असंख्य सर्व्हर एका अज्ञात माणसाच्या मुठीत गेले असते.

ते पसरले नाही, ह्याचे श्रेय आंद्रेस फ्रॉइंड ह्या इंजिनिअरच्या चौकस बुद्धीला आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे हे गृहस्थ पोस्टग्रेस नावाच्या मुक्त डेटाबेसवर काम करतात. आपल्या चाचण्या चालू असताना त्यांना दिसले की, एसएसएचने आत शिरण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, चालायचेच. त्यांनी तसे म्हटले नाही. माग काढीत काढीत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि 29 मार्च 2024 रोजी त्यांनी सारा प्रकार जाहीर केला. तोपर्यंत दूषित आवृत्ती प्रामुख्याने लिनक्सच्या चाचणीसाठी असलेल्या व सतत ताज्या होत राहणाऱ्या काही प्रकारांतच गेली होती. सर्वसामान्य वापराच्या पक्क्या आवृत्त्यांत ती पोहोचली नव्हती. विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासात ज्याला आपण 'किरकोळ' म्हणून सोडून देतो, त्या अर्ध्या सेकंदाची ही किंमत आहे.

ह्या हकीकतीतील आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 'जिया टॅन' हे नाव चिनी वाटते. लकडा लावणाऱ्यांपैकी एकाचे नाव भारतीय वाटणारे होते. ही नावे खरी होती की बुरखे, त्यांच्यामागे एक माणूस होता की टोळी, हे अजून उघड झालेले नाही. नावावरून एखाद्या देशावर वा जमातीवर बोट ठेवणे किती पोकळ ठरते, हे येथे दिसते. नावावरून संशय घेण्यात जसा अर्थ नाही, तसा नावावरून विश्वास टाकण्यातही नाही. पाहावयाचे ते काम, आणि तेही तपासून.

काही जण म्हणतील, मग ह्या उघड्या सॉफ्टवेअरपेक्षा विकतचे बंद सॉफ्टवेअर बरे. तसेही नाही. डिसेंबर 2020 मध्ये सोलरविंड्स ह्या अमेरिकन कंपनीच्या विकतच्या, बंद सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच दगा घुसविल्याचे उघडकीस आले, आणि ते अपडेट सुमारे अठरा हजार ग्राहकांकडे गेले होते. त्यांत अमेरिकेची सरकारी खातीही होती. एक्सझेडचा दगा पकडला गेला, त्याचे एक कारण हे की, संशय आल्यावर बाहेरच्या माणसाला आत डोकावून पाहता आले. उघडेपणामुळे चोरी अशक्य होत नाही. मात्र चोर शोधणारे डोळे वाढतात, आणि ते डोळे उघडे ठेवणारी माणसे हवीत.

आता पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या अगदी उंबरठ्याशी आलेला प्रकार सांगतो. पदवी हाती पडली, नोकरीचा शोध सुरू झाला. अशा वेळी एखाद्या परदेशी कंपनीचा अधिकारी म्हणवणारा इंटरनेटवर ओळख काढतो. पगाराचा आकडा मोठा सांगतो. मुलाखतीचा भाग म्हणून एक प्रोजेक्ट पाठवतो आणि म्हणतो, हा तुमच्या संगणकावर चालवून त्यातील चूक दुरुस्त करून दाखवा. त्या प्रोजेक्टमध्ये दूषित पॅकेज दडवलेले असते. चालवताच पासवर्ड, फाइली, पैशांची पाकिटे चोराच्या हाती जातात. 2023 सालापासून सुरक्षा-संशोधकांनी अशी प्रकरणे वारंवार उघडकीस आणली असून, त्यांतील एका मोठ्या मोहिमेचा माग उत्तर कोरियाशी संबंधित टोळ्यांपर्यंत लागल्याचे ते सांगतात. नोकरीसाठी आसुसलेल्या मुलाची घाई हेच त्यांचे भांडवल असते. म्हणून मुलगा मोठ्या नोकरीची बातमी घेऊन आला तर आनंद जरूर करा, पण दोन प्रश्नही विचारा. कंपनीचा पत्ता पडताळलास का? त्यांनी काही चालवावयास सांगितले आहे का? संगणकातील काही न कळणाऱ्या बापालाही हे दोन प्रश्न विचारता येतात.

विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहारी नियम सांगतो.

एक, पॅकेजचे नाव आठवणीने टंकू नका. मूळ प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून ते अक्षरशः ताडून घ्या. यंत्राने सुचविलेले नाव असेल तर दुप्पट ताडा.

दोन, गरज असेल तेवढेच घ्या. दहा ओळींचे काम स्वतः लिहिता येत असेल तर लिहा. हातही बसेल आणि साखळीही लहान राहील.

तीन, कालच निघालेली आवृत्ती आजच घेण्याची घाई करू नका. पुष्कळसा दूषित माल काही तासांत किंवा दिवसांत पकडला जातो. चालू असलेल्या आवृत्तीचा क्रमांक लॉक फाइलमध्ये पक्का करून ठेवा. मात्र सुरक्षेची दुरुस्ती जाहीर झाली असेल तर ती लांबणीवर टाकू नका.

चार, अनोळखी प्रोजेक्ट घरच्या बँक-व्यवहाराच्या खात्यावर कधीही चालवू नका. त्यासाठी वेगळे व्हर्च्युअल मशीन ठेवा. ते जमत नसेल तर तो चालवूच नका.

पाच, पासवर्ड व गुप्त किल्ल्या कोडच्या फाइलीत लिहून ठेवू नका, आणि प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावा. ई-मेलमधील दुव्यावरून पासवर्ड कधीही भरू नका. पत्ता स्वतः टंका.

दगा झालाच, तर लाज वाटून गप्प बसू नका. संगणक ताबडतोब इंटरनेटपासून तोडा, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून सर्व पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर 1930 ह्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाविलंब कळवा. आणि पालकांनो, मुलाने येऊन सांगितले तर आधी ऐकून घ्या, रागवायचे ते मागाहून. धाकामुळे लपविलेली गोष्ट दुप्पट नुकसान करते.

येथे एक इशाराही देणे माझे कर्तव्य आहे. ही विद्या दुधारी आहे. 'गंमत म्हणून' असला कोड लिहून सोडणारा विद्यार्थी केवळ खोडकर ठरत नाही. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली लबाडीने दुसऱ्याच्या संगणकात विषाणू घातल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. एका रात्रीच्या गमतीत आईबापांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडते. तीच हुशारी दोष शोधून मालकाला कळविण्यात लावा. त्यात नावही आहे आणि रोजगारही.

शेवटी मूळ दुखण्याकडे वळतो. गावच्या विहिरीवर सारा गाव पाणी भरतो, परंतु गाळ काढावयाची वेळ आली की कोणी एकटाच विहिरीत उतरलेला असतो, आणि वरचे म्हणतात, लवकर आटप. फिनलंडमधील त्या गृहस्थांच्या बाबतीत हेच झाले. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत त्यांचे अवजार बसले होते, पण त्यांच्या मदतीला खरा माणूस कोणी आला नाही. ती रिकामी जागा पाहूनच दगाबाज आत शिरला. पाळत आणि कुलपे वाढवून हे दुखणे थोडे कमी होईल. परंतु गाळ काढावयास चार प्रामाणिक हात गेले, तर ते मुळातून कमी होईल.

म्हणून माझी आपल्या विद्यार्थ्यांना अशी विनंती आहे की, ज्या फुकट अवजारांवर तुमचे शिक्षण झाले, त्यांपैकी एक तरी निवडा. त्याचा कोड वाचा. आढळलेली चूक नीट शब्दांत कळवा. माहितीपत्रकातील एखादे चुकलेले वाक्य दुरुस्त करा, जमेल तर मराठीत त्याचे भाषांतर करून द्या. सांभाळणाऱ्याशी आदराने बोला. ह्याला पैसा लागत नाही, सवड लागते. आणि संस्थेच्या चालकांना विनंती अशी की, संगणकाच्या वर्गात प्रोग्रॅम लिहिण्याइतकेच तो वाचण्यासही शिकविले जावे. लिहिता येणारे आज पुष्कळ आहेत. दुसऱ्याने लिहिलेले धीराने वाचून, अर्ध्या सेकंदाचा फरक ओळखणारे थोडे आहेत. त्या थोड्यांमध्ये आपल्या संस्थेच्या मुलामुलींची भर पडो, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे व्याख्यान पुरे करतो.